हाड भरपूर आहे

९ जानेवारी

नव्या वर्षाची दैनंदिनी नऊ तारखेला सुरू करणारा माणूस आळशी असतोच असे नाही. आधीच्या आठ दिवसांत लिहिण्यालायक काही घडले नाही, हे कबूल करण्याइतका तो प्रामाणिक असतो.

आजही काही घडले नाही. उणे तीसच्या खाली पारा, सरोवरावरून सुटलेला वारा, आणि तळघरात दोन पडद्यांसमोर मी. लोक ग्रंथ वाचतात, मी जबडे वाचतो. या भागातल्या ज्या ज्या दंतवैद्याला सीटी यंत्र घेण्याची बुद्धी झाली, त्याच्या यंत्रात माणूस हनुवटी टेकून उभा राहतो, यंत्र त्याच्या डोक्याभोवती एक प्रदक्षिणा घालते, आणि त्याच्या जबड्याच्या काकडीपेक्षा पातळ चकत्या होऊन माझ्याकडे येतात. माणूस स्वतः येत नाही. या धंद्यातले हे सर्वांत मोठे सुख. नावसुद्धा येत नाही. एक क्रमांक येतो, वय येते, आणि दंतवैद्याचा प्रश्न येतो.

डॉ. कर्टिस मेबी यांचा प्रश्न वर्षानुवर्षे एकच: "इम्प्लांटसाठी हाड पुरेसं आहे का?" म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी स्क्रू पिळायचा आहे, तेवढीच जागा बघा. सबंध जबडा समोर उलगडून ठेवला तरी या गृहस्थाची नजर एका खड्ड्यापलीकडे जात नाही. तर्कशास्त्रात याला अव्याप्ती म्हणतात. कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावात याला दवाखाना म्हणतात.

मराठी मोठी चतुर भाषा. शरीरातल्या सांगाड्यालाही हाड म्हणते आणि दारातल्या कुत्र्यालाही 'हाड' म्हणते. माझ्या रिपोर्टांत हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात.

११ जानेवारी

गुरुवार. गुरुवारी वाटाण्याचे सूप प्यायचे हा फिनिश लोकांचा धर्म, आणि ते माझ्याकडे येऊन प्यायचे हा माझा शेजारी वेइक्को साल्मेला याचा धर्म. माझ्या सुपात डुक्कर नसते याबद्दल तो दर गुरुवारी दुखवटा व्यक्त करतो. चौसष्टीचा विधुर. तरुणपणी गावच्या हॉकी संघाचा गोलरक्षक होता, आता त्याच मैदानाचा बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवतो. म्हणजे पूर्वी बर्फावर उभा राहायचा, आता बसतो. याला तो बढती म्हणतो.

आज सूप त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि हनुवटीवरून शर्टावर उतरले. साहेबांना पत्ता नाही.

"वेइक्को, रुमाल नावाची वस्तू तुमच्यात पोचली आहे का अजून?"

"का रे? सांडलं काय?"

"सांडलं नाही. अभिषेक चाललाय."

त्याने हनुवटी पुसली. तीही डावी. वयपरत्वे माणसाचे शिष्टाचार गळतात हे ठाऊक होते. दिशाज्ञानही गळते हे नवीन.

१३ जानेवारी

वेइक्कोच्या परसातल्या सौनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, बसलो. चोवीस वर्षे या गावात काढल्यावर उघड्याबंब अवस्थेत शेजाऱ्याचे व्याख्यान ऐकण्याची लाजही उरत नाही, हौसही उरत नाही. व्याख्यानाचा विषय नेहमीचाच: त्र्याऐंशी सालच्या सामन्यात हॉकीची रबरी चकती मुखवट्याखालून शिरून जबड्यावर कशी आदळली, डावा कोपरा कसा फुटला, आणि डॉक्टराने तो तारेने कसा बांधला. "इंग्रजी आठाचा आकडा काढला त्यानं तारेचा! म्हणाला, राहू दे आत. पाऊस यायचा असला की आधी कळेल तुला."

मी म्हणालो, आमच्याकडे एका देवाच्या जबड्यावर वज्र बसले आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले; संस्कृतात हनू म्हणजे जबडा.

"म्हणजे त्यालाही मुखवटा नव्हता," वेइक्को म्हणाला. "गोलरक्षकाचं नशीब सगळीकडे सारखंच."

दाढी करताना त्याने हनुवटी कापून घेतली होती, रक्त वाळून काळे झाले होते. विचारले तर म्हणे, कधी कापलं कळलंच नाही. मग निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी ओतत म्हणाला, "डेव्ह, माझा ओठ झोपलाय." (दिवाकर हे नाव या गावाने पहिल्याच हिवाळ्यात गोठवून त्याचा डेव्ह केला.)

"कुठला ओठ?"

"खालचा. उजवीकडचा. अंगाखाली आला की हात झोपतो ना, तसा. नाताळच्या आधीपासून."

"अरे, तुझा सबंध मेंदू झोपलाय, त्याची कधी तक्रार केली नाहीस. ओठाचंच एवढं कौतुक कशाला?"

तो इतका हसला की पळीतले पाणी माझ्या पायावर सांडले. विनोद चांगला साधला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

२२ जानेवारी

मेबी महाशयांनी आज प्रश्न बदलला! दिवाळीच करायला हवी. साध्या एक्स-रेमध्ये कोणा वृद्धेच्या जबड्यात काळे भोक दिसले आणि त्यांची पाचावर धारण बसली. गळू आहे की गाठ? कापू का?

चकत्या पाहिल्या. भोक आतून बंदच नाही. जिभेच्या बाजूने उघडे आहे, आणि त्या खळग्यात लाळेची ग्रंथी उशीत डोके खुपसल्यासारखी सुखाने पहुडली आहे. जन्मभराचा शेजार, हाडाने तिच्यासाठी थोडी जागा करून दिली इतकेच. रोग नाही, काही नाही. सपाट चित्राला खोली नसते, म्हणून त्याला खळगा आणि भोक सारखेच दिसतात. सीटीला खोली असते. मेबींना यांतले कोणते चित्र म्हणावे, हा प्रश्न मी रिपोर्टात उपस्थित केला. पहिली ओळ: "भोक आहे, परंतु ते रोगिणीच्या जबड्यात नाही." पुढे चार परिच्छेद. शेवटी, कापू नये.

दुपारी त्यांच्या दवाखान्यातल्या डार्लीन बाईंचा फोन. दवाखाना खरे पाहता याच चालवतात, मेबी फक्त दात काढतात.

"डॉक्टर, कापायचं की नाही, तेवढं सांगा ना. मी पहिली ओळ पिवळी करून त्यांच्यापुढे ठेवते नेहमी, पण आजची ओळ ठेवावी की नाही कळेना."

"बाई, रिपोर्ट सबंध वाचायचा असतो."

"त्यांना बत्तीस पेशंट असतात हो."

बत्तीस दात, बत्तीस पेशंट, आणि वाचन एका ओळीचे. पिवळ्या रंगाने चालणारे वैद्यक! मी "नाही" म्हणून फोन ठेवला. मी फोनवर बोलत नाही. लिहितो.

१ फेब्रुवारी

गुरुवार. सूप. वेइक्कोला दात बसवायचा आहे. मे महिन्यात जुन्या संघाचा फोटो काढायचा आहे म्हणे, आणि उजवीकडची खालची दाढ नसल्याने हसताना खिंडार दिसते.

"दाढ हसताना दिसत नाही," मी म्हणालो.

"मी हसलो की दिसते. डॉक्टर कोण चांगला, सांग ना. तू त्यातलाच ना?"

"मी त्यातला नाही. मी माणसं पाहत नाही. न्हाव्याला केसांचं विचार, टक्कल दिसतं म्हणून गवंड्याला विचारू नकोस."

त्याला उपमा कळली नाही. खरे सांगायचे तर लिहिताना मलाही नीटशी कळत नाही. पुन्हा हनुवटीवर सूप. आज मी बोललो नाही; माणसाला किती सुधारायचे यालाही मर्यादा असते.

८ फेब्रुवारी

आज एक जबडा आला आणि मेबी नावाच्या प्राण्याची संपूर्ण परीक्षा झाली.

वय चौसष्ट. प्रश्न, अर्थात: "उजवी खालची दाढ. इम्प्लांटसाठी हाड पुरेसं आहे का?"

दाढेच्या जागी हाड आहे, आणि मुबलक आहे. पण खालच्या जबड्यातून मज्जातंतूची एक नळी जाते: मागे कानाच्या बाजूने हाडात शिरते आणि पुढे येऊन ओठाला, हनुवटीला संवेदना देते. चकत्या मागे मागे सरकवत चित्राच्या पार कडेला गेलो, तिथे ही नळी रुंदावलेली. भिंत वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखी, कुरतडलेली. हे पू नव्हे, हे गळू नव्हे. तंतूच्या वाटेने काहीतरी चालत येते आहे आणि वाट खात खात येते आहे.

याची पहिली खूण कोणती, हे पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल: खालचा ओठ बधिर होतो. रोग्याला एक प्रश्न विचारायचा, बाबा रे, ओठाला जाग आहे का? एक प्रश्न! समोर माणूस बसलेला, तोंड उघडे, आणि ह्या गृहस्थाला तेवढे विचारण्याचे सुचू नये? डोळे असून न पाहणाऱ्यांची मला चीड येते, पण कान असून न ऐकणाऱ्यांपुढे मी हात टेकतो.

जबड्याच्या डाव्या कोपऱ्यात तारेचा एक जुना तुकडाही सापडला, आठाच्या आकड्यात पिळलेला. कोणा गावठी शिंप्याचा टाका. तेवढीच करमणूक.

रिपोर्ट मनासारखा उतरला. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायचे ही आमच्या धंद्याची रीत, म्हणून पहिली ओळ: "हाड भरपूर आहे, स्क्रूच काय, चर्च बांधा." दुसऱ्या परिच्छेदात एका दाताची पूजा करून जबड्याला विन्मुख राहणाऱ्या भक्तांविषयी. तिसऱ्यात चित्र इतके आखूड घेतल्याबद्दल. चौथ्यात तार. पाचव्यात नळी, आणि हे तातडीने तडीस न्यावे अशी स्पष्ट सूचना. तीन वेळा वाचून पाहिला. एक अक्षर इकडचे तिकडे करावेसे वाटले नाही.

१२ फेब्रुवारी

मेबींचे उत्तर: "थँक्स! एकदम भारी. कामाला लागतो."

कोणत्या कामाला? पुढच्या तपासण्यांच्या, असे मी उदार मनाने गृहीत धरतो. मी कळवले आहे. दिव्याने उजेड द्यावा. डोळे मिटून चालणारा खड्ड्यात पडला तर त्याचा दोष दिव्याकडे नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी वेइक्को माझ्या दारातला बर्फ उडवून आत आला आणि कॉफी मागू लागला. खुशीत होता. परवा, शुक्रवारी सकाळी, स्क्रू बसवायचा ठरला आहे.

"मेबीकडेच गेलो शेवटी. यंत्रात उभं केलं मला, गर्रकन फिरलं डोक्याभोवती. तज्ज्ञाकडून उत्तरही आलं."

"काय आलं?" मी विचारले, ब्रेडला लोणी लावत.

"अरे, खडूस म्हातारा आहे म्हणे कोणीतरी, नुसता शिव्या लिहितो. पण मला आवडला. काय लिहिलंय माहितीये? हाड भरपूर आहे; स्क्रूच काय, चर्च बांधा!" आणि तो मोठ्याने हसला. हसताना कॉफी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून निसटली, हनुवटीवरून ओघळली, टेबलावर पडली. त्याने डावी बाजू पुसली.

मी लोणी लावतच राहिलो. पुष्कळ लागले.

तार. आठाचा आकडा. ओठ झोपलाय.

"डेव्ह? विनोद कळला नाही काय तुला?"

"कळला," मी म्हणालो.

आमच्या धंद्याचा नियम आहे: चकत्या वाचणाऱ्याने रोग्याशी बोलायचे नाही, ज्याने पाठवल्या त्याच्याशी बोलायचे. नियम उत्तम आहे. मी नेहमीच त्याचा पुरस्कार केला आहे. मी एवढेच म्हणालो, "शुक्रवारी जाऊ नकोस."

"का?"

"थंडी आहे."

"थंडर बेला? फेब्रुवारीत?" वेइक्कोने माझ्याकडे असे पाहिले की आता मेंदू कोणाचा झोपला आहे, हे विचारायचे तेवढे बाकी राहिले. "तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

तो गेल्यावर फोन केला.

"अगंबाई, डॉक्टर! तुम्ही आणि फोन?" डार्लीन बाई म्हणाल्या. "थांबा हं, बसून घेते."

"आठ तारखेच्या स्कॅनचा रिपोर्ट मेबींनी वाचला का?"

"वाचला म्हणजे? भिंतीवर लावलाय. तुमच्या सगळ्या पहिल्या ओळी लावतो आम्ही, चहाच्या खोलीत. चर्चवाली सर्वांत वर आहे."

"आणि पुढचं?"

"खरं सांगू का? राग मानू नका. ते म्हणतात, उत्तर पहिल्या ओळीत मिळतं, पुढच्या शिव्या खायला सकाळ पुरत नाही. आणि तुमचं उत्तर कधी चुकत नाही ना, म्हणून तर."

मी म्हटले, शुक्रवारचे काम रद्द करा. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही करता येत. डॉक्टर कुठे आहेत? सरोवरावर, मासे धरायला, फोन लागत नाही. शुक्रवारी परस्पर दवाखान्यात येतील. "पिवळी चिठ्ठी लावून ठेवते," म्हणाल्या.

पिवळी चिठ्ठी! गाडी काढली.

गोठलेल्या सरोवरावर लाकडी खोपट बांधून, आत शेगडी पेटवून, बर्फाला पाडलेल्या भोकात दोरी सोडून माणसे दिवसचे दिवस बसतात, आणि त्यांना मत देण्याचा अधिकार असतो. चोवीस वर्षांत मी इथे एकदाही आलो नव्हतो. पाय घसरत, एकेका खोपटाचे दार वाजवत, चौथ्यात मेबी सापडले. गोल चेहरा, विणलेली टोपी. मला वाटत होते त्यापेक्षा पुष्कळ लहान वयाचा माणूस. आधी त्यांचे कुत्रे अंगावर आले. मी म्हटले, "हाड!"

"काय म्हणालात त्याला?"

"हाड. म्हणजे तुमच्या भाषेत बोन."

"तरीच शेपूट हलवतोय. आपण कोण?"

मी सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "चर्चवाले! या, बसा ना! कॉफी घेणार?"

"पाचवा परिच्छेद," मी म्हणालो.

"कुठला पाचवा?"

मी उभ्या उभ्याच पाठ म्हणून दाखवला. मला माझे लेखन पाठ असते. नळीपाशी आलो तेव्हा त्यांच्या हातातली दोरी सुटली.

"ओठ," ते म्हणाले. पहिला शब्द तोच. "त्यांचा ओठ बधिर आहे का? मी विचारलंच नाही. दोनदा माझ्या खुर्चीत बसून गेले ते, आणि मी..." बादली पालथी घालून ते तिच्यावर बसले. "तुम्हाला काही माहीत आहे का?"

"रोगी मला भेटत नाहीत," मी म्हणालो. धंद्याच्या दृष्टीने हे खरे आहे.

"पण तुम्ही फोन का नाही केलात हो? पाचव्या परिच्छेदापर्यंत मी तुमच्या रिपोर्टात कधी जिवंत पोचलेलो नाही."

निरक्षरतेची एवढी उघड कबुली मी प्रथमच ऐकली, आणि तसे म्हणणार होतो, पण ते उठलेच. सगळे सामान, पेटती शेगडी, बर्फावर तडफडणारा मासा तसाच टाकून, कुत्र्याला बगलेत मारून गाडीकडे पळाले. फोन लागेल अशा रस्त्यापर्यंत जाऊन तिथूनच वेइक्कोला, आणि मग इस्पितळाला फोन केला. अत्यंत निष्काळजी माणूस. शेगडी मी विझवली. मासा भोकात सोडला. मी मासे खात नाही.

७ मार्च

तुकडा काढून तपासला. गाठ आहे. मज्जातंतूच्या वाटेने रांगणाऱ्या जातीची. मोठ्या यंत्रावर पुन्हा सीटी झाला. मेबींनी चकत्या माझ्याकडे पाठवल्या, या वेळी नावासकट. बऱ्याच वेळ पाहिल्या. नळीतून पुढे, हनुवटीच्या अगदी जवळ आलेली आहे.

टोरांटोच्या शस्त्रवैद्यांचे म्हणणे मेबींनी कळवले: उजवा अर्धा जबडा काढावा लागेल, हनुवटीच्या टोकासकट. मग पायाचे बारीक हाड काढून, चकत्यांवरून मापे घेऊन, जबड्याच्या आकारात बसवायचे. जगण्याची आशा चांगली आहे. चार-सहा आठवडे आधी कळते तर हनुवटी कदाचित राहिली असती.

कदाचित! शास्त्रात या शब्दाला काडीची किंमत नाही. पुरावा काय? किती आठवडे, कोणत्या मोजमापाने? असा शब्द माझ्या रिपोर्टात मी येऊ दिला नसता.

१३ जानेवारीपासून मोजले तर चार आठवडे होतातच. मोजले नाहीत, सहज दिसले.

४ एप्रिल

गुरुवार. उद्या त्याचे विमान. सूप केले. सुपात डुक्कर घातले. कापताना तोंड फिरवून उभा होतो.

वेइक्कोने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "अरे! म्हणजे मी मरतोच आहे की काय?"

"दुकानात चुकून मिळालं."

"हां." पुन्हा चमचा उचलला. "पायाचं हाड तोंडात बसवणार आहेत, माहितीये? म्हणजे आता मी खराखुरा चालताबोलता माणूस."

मग म्हणाला, "तो चर्चवाला तूच ना?"

"कोण म्हणालं?"

"डार्लीन. पण तिच्याआधीच ओळखलं होतं मी. थंडी आहे म्हणालास ना, तेव्हा. चोवीस वर्षांत तू माझ्याशी खोटं बोललास ते तेवढं एकदाच, आणि तेही इतकं वाईट!"

मी वाटाणे मोजत होतो.

"मी तुला सांगितलं होतं, डेव्ह. ओठ झोपलाय म्हणून." आवाजात राग नव्हता. जुन्या सामन्यातले गोल सांगावेत, तसे सांगत होता. "तू हसलास. मीही हसलो. जोक चांगला होता."

जोक चांगला होता. इथे मागे लिहिलेला आहे.

१६ मे

टोरांटोहून बातमी बरी आहे. हाड लागले, रक्त खेळते आहे, कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या. बोलतो, पण तोंडात गरम बटाटा असल्यासारखे. मेबी दर आठवड्याला त्याला फोन करतात आणि एकदा स्वतः विमानाने जाऊन आले. रोग्यांच्या मागे इतके लागणे बरे दिसत नाही. हे मी त्यांना लिहिले. एका ओळीत.

सध्या मी रिपोर्ट लहान लिहितो. सुधारणा वगैरे नव्हे. ज्यांना पिवळ्या रंगापलीकडे वाचता येत नाही, त्यांच्यापुढे गद्य कशाला सांडायचे? महत्त्वाचे वर, विचारलेले खाली. घाईचे असले तर फोन. परवा मेबींच्याच एका जबड्यात हिरडीजवळ काहीतरी आवडले नाही, आणि अक्षर लिहिण्याआधी फोन केला.

डार्लीन बाईंनी उतरवून घेतले, त्यांना लगेच सांगते म्हणाल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, भिंतीवर लावण्यासारखं काही पाठवलं नाहीत हल्ली. बरं आहे ना सगळं?"

"बाई, त्या पेशंटला ओठाचं विचारा."

"विचारलं. आता सगळ्यांनाच विचारतो आम्ही. चर्च काढलं भिंतीवरून, तिथं तेच लिहिलंय."

पहिली ओळ म्हणून वाक्य अगदीच सामान्य आहे.

१३ जून

गुरुवार. सूप.

संघाचा फोटो आला आहे. त्याच्यासाठी त्या लोकांनी तारीख पुढे ढकलली, म्हणजे कामधंदा नसलेले लोक. मागच्या रांगेत वेइक्को, चेहऱ्याची उजवी बाजू आत ओढलेली, खालचा ओठ वाकडा, दाढ नाहीच. तरी हसतो आहे. खिंडार दिसते. त्याचे म्हणणे बरोबर होते. तो हसला की दिसते.

ओठ कायमचा झोपला. तंतूच कापून टाकला, आता जागा होणार नाही. त्यामुळे असभ्यपणा सुटण्याचीही आशा नाही: सूप पूर्वीसारखेच ओघळते, उरलेल्या हनुवटीवर, त्याला पत्ता नसतो, आणि सांगितले तर चुकीची बाजू पुसतो. बोलून काही उपयोग नाही, म्हणून मी दुसरा उपाय काढला आहे. ओघळ दिसला की रुमाल घेऊन मी माझी हनुवटी पुसतो, उजवीकडची. तो माझ्याकडे बघतो आणि त्याची पुसतो. सूप संपेपर्यंत असे चालते. त्यासाठी सारखे त्याच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते, आणि माझे सूप गार होते.

"तुझी हनुवटी तर कोरडीच असते रे," तो आज म्हणाला. निदान मला तसे ऐकू आले.

म्हटले, "असू दे. पूस."